अनधिकृत

यास्मिन शिकलगारचा लॅपटॉप,
लक्ष्मीपुरीतून जुना घेतलेला, साडेसहा हजारांचा,
पाठीवर कुठल्याशा कंपनीचा खरवडलेला नंबर.
वायफाय गेलं म्हणून मी दुसरं कार्ड घातलं,
दीडशे रुपयांचं, चांगलं चालू.
बटण दाबलं.
काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ:
अनधिकृत कार्ड. काढून टाका.

पुढं काहीच नाही.
विंडोज, लिनक्स, ते सगळं नंतर जागं होतं.
हे त्याच्याही आधीचं कुणीतरी
उंबऱ्यात ठाण मांडून बसलेलं,
दुसऱ्यानं विकत घेतलेल्या घरात
कुणाला घ्यायचं ते ठरवणारं.

"मग ह्यो माझा न्हवं काय?"
मी म्हटलं, पैसे तू दिलेस, एवढं खरं.

दुकान उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या फटीत.
इथंच माझे वडील, दौलत सुतार,
ओतकामाचे सागवानी पॅटर्न करायचे.
हातात आटणीची पट्टी.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरा मोठा,
कारण बीड थंड होताना आटतं
आणि ते आधीच कबूल करून ठेवावं लागतं.
बाहेरून आलेलं इंजिन ते पहिल्यांदा खोलायचे.
परवानगी?
बोल्टला पाना बसला की झाली परवानगी.
वाळूचा कोअर तळहातावर तोलत म्हणायचे,
पोकळीलाबी आकार द्यावा लागतो, पोरी,
आत काय हाय ते ठावं असल्याबिगर
पोकळी कशी सोडशील?

रात्री शटर अर्धं ओढून
मी लॅपटॉपचं मनगटाखालचं झाकण काढलं.
आठ पायांची चिप, मसुराच्या दाण्याएवढी.
चिमटा बसवला. वायरी वीतभरच ठेवल्या,
लांब वायरी खोटं बोलतात.
आतलं जुनं आधी वाचून घेतलं, दोनदा.
दोन वाचनं जुळेनात.
चिमटा केसभर सरकलेला.
पाचव्यांदा जुळली.
ते पेनड्राइव्हवर ठेवलं, वर चिकटपट्टी, तारीख.

मग नवं लिहिलं.
हे ओळीओळीनं वाचता येतं,
कुणी कधी काय बदललं, कशासाठी, सगळं.
मला कळतं असं नाही.
रॅम जागी कशी करायची
एवढ्याच एका फाईलवर माझ्या तीन रात्री गेल्या,
निम्मी डोक्यावरून.
पण बाहेर राहिले ती माझ्या अडाणीपणानं,
कुणी दारात अडवलं म्हणून नाही.

पंखा फिरला. पडदा काळाच.
शेजारच्या लेथवरून बंडा मिस्त्री डोकावला,
"गेला व्हय?"
अंगावर तेलाचा वास, हातात माझ्याच थर्मासचा चहा.
मी उत्तर दिलं नाही.
चिमटा काढला, पाय खोडरबरानं पुसले,
पुन्हा बसवला, पुन्हा लिहिलं.

पावणेदोनला पडद्यावर अक्षरं आली.
कंपनीचं चिन्ह नाही, स्वागत नाही,
नुसती साधी अक्षरं, सातबाऱ्यासारखी कोरडी.
मग वायफायची यादी:
हनुमान इंजिनिअरिंग वर्क्स,
शिंदे वरचा मजला,
फुकट्यांनो लांब ऱ्हावा.
दीडशेचं कार्ड सगळ्यांची नावं वाचत होतं.

सकाळी यास्मिन आली, केसात अजून पाणी.
म्हणाली, आमचे आजोबा धार लावायचे,
चाकू कुणाचा ते विचारायचे नाहीत.
मी म्हटलं, आणि चाकू?
तो गिऱ्हाइकाला विचारायचा का, काय कापणार म्हणून?
ती हसली, मग गप्प झाली,
मग पडद्याकडं बघत राहिली.

खरं ते सांगितलं तिला:
कीबोर्ड सांभाळणारी अजून एक चिप आहे आत,
ती बंदच आहे, तिच्यात कोण बसलंय
मला माहीत नाही.
"मग सुट्टीत परत घेऊन येतो की," म्हणाली,
पिशवीत लॅपटॉप घातला, ओढणी मागं टाकली.

बिलावर काय लिहावं सुचेना.
कार्ड, दीडशे. मजुरी, तीनशे.
मजुरी कसली, तो रकाना
मोकळाच ठेवला.